मदत हवी आहे: जॅझ बेसची घूं घालवायची, की सरळ पी-बेस (फेंडरचा प्रिसिजन बेस) घ्यायचा?

मंडळी, मी जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. माझा बेस जॅझ पद्धतीचा आहे, चार तारा, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे, एकेका कॉइलचे भाग). दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की आवाज स्वच्छ येतो. पण मला आवडणारा तो नाकातला, बोलका आवाज ब्रिजकडच्या (तारा खाली जिथे टेकतात तिथल्या) पिकअपचा. त्यासाठी नेकच्या (दांडीकडच्या) पिकअपचा व्हॉल्यूम जरा कमी केला, की अँपमधून घूं सुरू! कारण कळतं: दोन कॉइल एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या असतात, समान उघड्या असल्या तरच हम (ही घूं) मरतो. तारांना हात लावूनही फारसा फरक पडत नाही, म्हणजे नुसता अर्थिंगचा घोळ नसावा. हॉलमधले लाइटचे डिमर चालू झाले की तर विचारूच नका, निवेदकाच्या मागे कुणीतरी तंबोरा धरून बसल्यासारखं वाटतं.

बाहेरचा विद्युत गोंगाट अडवायला बेसच्या आतून तांब्याची पट्टी लावायचा विचार आहे, पण ट्रान्सफॉर्मरचा हम तिने जात नाही असं माझं मत. मग एकावर एक कॉइल असलेले हमविरहित पिकअप बसवू का? त्यांनी वरची धार बोथट होते का? प्रत्यक्ष वाजवलेल्यांनीच सांगा.

फेंडरच्या प्रिसिजनला 1957 पासून स्प्लिट कॉइल (हम मारणारा, दोन भागांत विभागलेला पिकअप) आहे, तिथे ही कटकट नाही, मान्य. पण जॅझच्या निमुळत्या नेकची हाताला सवय झालीय. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं यंत्र) सुचवू नका, सुरांच्या शेपट्या कापतो. पुण्यात हे काम नीट करणारं कुणी आहे का?