वॉर्डातल्याच मुली लेकीला छळतात, कुणाकडे बोलू?

फोंड्याची_आई
पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगी 15 वर्षांची. चवथ (गणेश चतुर्थी) झाली आणि पंधरा दिवसांनी तिनं हातावर जखमा करून घेतल्या, म्हणून मानसोपचाराच्या वॉर्डात ठेवलंय, आज अकरावा दिवस. औषध लागू पडतंय, झोप लागते. पण तिथल्या दोन मोठ्या मुली तिला 'फूटपट्टी' म्हणतात, हातावरच्या रेघांवरून. हे सगळं टीव्हीच्या खोलीत चालतं, तिथं आम्हा सोबतच्या माणसांना बसू देत नाहीत. काल पेज घेऊन गेले तर एवढ्या उकाड्यात पोर फुल बाह्यांचा टीशर्ट घालून बसलेली, बाही ओढून मुठीत धरलेली, चमचा धरायला पण मूठ सोडेना. सिस्टरना सांगितलं तर म्हणाल्या, सगळी आजारीच मुलं, मनावर घेऊ नका. आणि ही म्हणते आई कोणाला सांगू नको, मग जास्तच करतील. डिस्चार्ज घेऊन घरी आणू का?

निवृत्त_सिस्टर
बाय, डिस्चार्जची घाई नको, औषध आत्ता कुठे लागू पडतंय. पण 'मनावर घेऊ नका' हे साफ चूक. मी अशाच वॉर्डात काम केलंय. दिवसाला तीन ड्यूट्या बदलतात, सकाळच्या सिस्टरला तोंडी सांगितलेलं रात्रीच्या सिस्टरपर्यंत पोचतच नाही. म्हणून कागदावर लिहा, कुठला दिवस, किती वाजता, कुठे, नेमके शब्द काय, आणि राउंडला डॉक्टर आणि इन्चार्ज सिस्टर दोघांसमोर द्या, केसपेपरवर नोंद करायला सांगा. बहुतेक हे संध्याकाळी 5 ते 8 च्या मधे होतं, थेरपी संपलेली असते, मुलं रिकामी आणि आम्ही गोळ्यांच्या ट्रेमध्ये. आमच्याकडे त्या वेळात एक माणूस कॅरम घेऊन मुलांत बसवला तेव्हा खूप फरक पडला. आणि हो, समोरासमोर बसवून माफी मागायला लावू देऊ नका. घाबरलेली पोर सगळ्यांपुढे 'ठीक आहे' म्हणते आणि नंतर एकटी भोगते. त्या मुलींना किंवा त्यांच्या आईबापांना तुम्ही स्वतः ओरडायला जाऊ नका, त्याही पेशंटच आहेत.

म्हापसा_98
ताई, मी 17 चा असताना अॅडमिट होतो आणि चिडवणारा मीच होतो. एक नवीन मुलगा रात्रभर रडायचा, मी त्याची नक्कल करायचो, सगळे हसायचे. औषधानं माझे हात थरथरायचे, सगळे त्याला हसत असले की माझ्या हाताकडे कोणी बघायचं नाही एवढंच डोक्यात. तिथल्या सोशल वर्कर मॅडमनी सगळ्यांसमोर झापलं नाही, व्हरांड्यात नेऊन विचारलं, तुझे हात थरथरतात ते कोणी करून दाखवलं तर? मी काहीच बोललो नाही पण नक्कल बंद झाली. त्या मुलाची माफी मागायची राहूनच गेली, त्याचं वाईट अजून वाटतं.

कायदा_डिचोली
मोठ्या म्हणजे किती वर्षांच्या? 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात कलम 87 प्रमाणे 18 च्या आतल्या मुलांना मोठ्या पेशंटपासून वेगळं ठेवायलाच हवं, आणि घरचं माणूस पूर्ण वेळ सोबत हवं. कलम 20 मध्ये शाब्दिक आणि भावनिक छळापासून संरक्षण हा पेशंटचा हक्कच आहे. तक्रार आधी हॉस्पिटलच्या इन्चार्ज डॉक्टरकडे, नाही ऐकलं तर या कायद्याखालच्या मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्डाकडे. रात्री फारच घाबरायला झालं तर 14416, टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, 24 तास.

फोंड्याची_आई
सगळ्यांचे खूप आभार. विचारलं, एक 19 ची निघाली. कागद लिहिलाय, उद्या राउंडला देते. लिहिताना तिला वाचून दाखवला, आधी तोंड फिरवून पडलेली, मग उठून माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सोमवारची वेळ खोडून बरोबर केली, सहा नाही, साडेसात.