डिप्लोमाच्या मुलांसाठी सेमीकंडक्टर लॅब : अडीच लाखांत काय घ्यावं?

मिरजकरीण (धागाकर्ती)
मंडळी, मी मिरजेजवळच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून विभागाला अडीच लाख रुपये दिलेत. अट एकच : सेमीकंडक्टरशी संबंधित काहीतरी हवं, नुसते कॉम्प्युटर नकोत. गुजरातेत धोलेऱ्याला टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा ९१ हजार कोटींचा फॅब (चिप बनवायचा कारखाना) आणि साणंदला मायक्रॉन, सीजी, केन्स या कंपन्या, आसामात मोरीगावला टाटांचं पॅकेजिंग (तयार चिपला तारा आणि आवरण लावणं), या बातम्या मुलं मोबाइलवर आणून दाखवतात आणि विचारतात, "मॅडम, तिथे आम्हाला काय काम मिळणार?" मला त्यांना खरं उत्तर द्यायचंय. काय घेऊ? बजेट जीएसटी धरून अडीच लाख. खोली आहे, एसी नाही.

बंगळुरी_बाबू
माझी सगळी नोकरी चिप डिझाइनमध्ये गेली, त्यामुळे अनुभवाने सांगतो. जगातले सुमारे २० टक्के डिझाइन इंजिनियर भारतात आहेत. आपलं बलस्थान तेच, फॅबच्या मागे लागू नका. केडन्स किंवा सिनॉप्सिसचं चिप डिझाइन सॉफ्टवेअरचं पूर्ण पॅकेज घ्या आणि एक चांगला सर्व्हर. अडीच लाखांत भागणार नाही, मॅनेजमेंटकडून आणखी मागून घ्या. एसीही लागेल.

चिप्स_आणि_चहा
बाबू, बाईंनी बजेट स्पष्ट लिहिलंय हो. ही सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरजच नाही. केंद्राच्या 'चिप्स टू स्टार्टअप' योजनेत सी-डॅक बंगळुरूच्या चिपइन केंद्रातून कॉलेजांना टूल्स मिळतात, आणि मुलांची डिझाइन्स मोहालीच्या एससीएलमध्ये (सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत) १८० नॅनोमीटरच्या तंत्रावर बनवूनही मिळतात. जवळचं कोणतं इंजिनियरिंग कॉलेज त्यात आहे ते बघा, त्यांच्याशी हातमिळवणी करा. तेही नाही जमलं तर मॅजिक, केलेआउट, एनजीस्पाइस ही सॉफ्टवेअर्स फुकट आहेत. पैसे एफपीजीए (हवं ते सर्किट पुन्हा पुन्हा बसवता येणारी चिप) बोर्डांवर घाला. टँग नॅनो बोर्ड दोन-अडीच हजारांत येतो, प्रत्येक मुलाला एक.

कोल्हापुरी_सर्किट
एफपीजीए +१. मी हेच लिहायला आलो होतो.

तळेगावचा_तात्या
लॅब कसली काढताय? २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा दीड लाख कोटींचा प्रकल्प आमच्या तळेगावला येणार येणार म्हणून जमिनीचे भाव चढले, आणि गेला गुजरातेत. आमच्या पोरांनी काय करायचं?

चिप्स_आणि_चहा
तात्या, तो गुजरातेतही झाला नाही. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनच बाहेर पडली. दोघांपैकी एकाकडेही फॅबचं स्वतःचं तंत्रज्ञान नव्हतं. धोलेऱ्यात निदान पीएसएमसी तंत्र देतेय.

तळेगावचा_तात्या
तंत्रज्ञान नंतर आणता आलं असतं. आधी जागा तर पक्की करायची!

संपादक
कोण कुठे गेलं यावर वेगळा धागा आहे. इथे लॅबवर बोला.

जुना_मोहालीकर
राहवत नाही म्हणून लिहितो. एससीएलमध्ये १९८४ ला ५ मायक्रॉनवर (म्हणजे ५,००० नॅनोमीटर; आकडा जितका लहान तितकं तंत्र पुढचं) उत्पादन सुरू झालं होतं आणि काही वर्षांतच ०.८ पर्यंत मजल गेली. चिप बनवणाऱ्या तैवानच्या बलाढ्य टीएसएमसीची स्थापना १९८७ ची, हे लक्षात घ्या. १९८९ च्या फेब्रुवारीत आगीत सगळं गेलं. नुसता कारखाना जळाला असता तर पुन्हा उभा राहिला असता. पण उभं करायला वर्षं गेली, तेवढ्यात शिकलेली माणसं पांगली. आजचा इस्रोचा 'विक्रम' प्रोसेसर तिथेच बनतो याचा अभिमान आहेच, पण ती मधली वर्षं परत येत नाहीत.

पुण्याचा_पालक
ताई, मुलांना त्या व्हीएलएसआय (चिप डिझाइन) क्लासेसपासून लांब ठेवा. माझ्या मुलाची पुण्यातल्या एका संस्थेत लाखाच्या वर फी भरली. "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणाले आणि सहा महिने व्हेरिलॉगच्या (सर्किट लिहायच्या भाषेच्या) स्लाइड्स दाखवल्या. एक चिप त्याने हातात धरली नाही.

शिंचूवासी
तैवानमध्ये राहतो, इथल्या फॅबमध्ये प्रोसेस विभागात आहे. लोकांना वाटतं मशिन आणलं की झालं. मशिनं सगळ्यांना त्याच चार-पाच कंपन्यांकडून घ्यावी लागतात. फरक पडतो यील्डमध्ये, म्हणजे एका वेफरमधून (सिलिकॉनच्या चकतीतून) किती चिप धड निघाल्या त्यात. आणि यील्ड वाढतं बिघडलेल्या चिपचं कारण शोधणाऱ्या माणसांमुळे. तैवानने १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून तंत्रज्ञान घेतलं तेव्हा आधी तरुण इंजिनियरांची तुकडी अमेरिकेत शिकायला पाठवली. तीच माणसं पुढे या उद्योगाचा कणा झाली. उलट जपानकडे १९८८ च्या सुमारास जगाची निम्मी बाजारपेठ होती, आज जेमतेम दहावा हिस्सा उरलाय. मिळवलेली जागा टिकवणं हेच कठीण. इथे रात्रपाळीत डिप्लोमावाली मुलं-मुलीच मशिनं सांभाळतात. मुलांना तेच सांगा.

चाकणचा_व्हॅक्यूम
शिंचूवासींशी सहमत, म्हणूनच सांगतो, व्हॅक्यूम घ्या! फॅबमधलं अर्धं काम निर्वात कक्षात चालतं. सेकंडहॅण्ड रोटरी पंप, निर्वात मोजायला पिरानी गेज, थोडी पाइपिंग. गळती कशी शोधायची हे ज्याला येतं तो कुठेही उपाशी राहत नाही. मी स्वतः आयटीआयवाला, आज माझ्या हाताखाली बीई आहेत.

कोल्हापुरी_सर्किट
व्हॅक्यूम नको, एफपीजीएच घ्या. रिसेल व्हॅल्यू आहे.

वीजवाला_नाना
आमच्याकडे दर गुरुवारी मेंटेनन्सची वीज जाते, तिथे कसला फॅब? २०१९ च्या जूनमध्ये जपानात योक्काइचीला तोशिबा मेमरीच्या फॅबची वीज १३ मिनिटं गेली, तर उत्पादन सावरायला जुलै उजाडला. ताई, लॅबला यूपीएस घ्या, ऑनलाइनवाला.

मिरजकरीण
सगळ्यांचे आभार. ठरवलंय. एफपीजीए नाही, व्हॅक्यूम नाही, सॉफ्टवेअर तर नाहीच. मी कॅमेऱ्यासकट मेटलर्जिकल मायक्रोस्कोप घेतेय, आणि उरलेल्या पैशांत मोजमापासाठी एक कर्व्ह ट्रेसर (भागाच्या व्होल्टेज-करंटचा आलेख काढणारं यंत्र) आणि चांगलं मीटर.

कारण सांगते. शिंचूवासींचा प्रतिसाद वाचून कपाटातली जुनी ईप्रॉम (पुसून पुन्हा वापरायची मेमरी चिप) काढली, ती काचेच्या खिडकीची. ओळखीच्या मेटलर्जी लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली धरली आणि दोन मुलांना बघायला बोलावलं. चिपच्या कडेपासून पिनांपर्यंत गेलेल्या केसाहून बारीक तारा, आणि मधे ओळीने लावलेले चौकोन. एकाने विचारलं, "मॅडम, यातली एक तार सुटली तर?" हा प्रश्न मला सिम्युलेशन शिकवताना कोणी कधी विचारला नव्हता. साणंदला सीजीची पायलट लाइन (चाचणी-उत्पादन) २०२५ च्या ऑगस्टपासून आहे, तिथलं काम हेच : तार जोडा, तपासा, बिघाड शोधा. आणि आमच्या कुपवाड एमआयडीसीत मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हमधले जळालेले आयजीबीटी (मोठा करंट चालू-बंद करणारे) मॉड्यूल भंगारात जातात. ते आणून उघडणार.

बंगळुरी_बाबू
चुकताय. डिझाइन शिकवलं असतं तर पगार तिप्पट.

चाकणचा_व्हॅक्यूम
पंप तरी घ्यायचा होता. मी स्वस्तात मिळवून दिला असता.

शिंचूवासी
निवड आवडली. दोन सूचना. चिप उघडायला नायट्रिक अॅसिड कॉलेजात अजिबात नको. खिडकीची ईप्रॉम आणि झाकण निघणारी मॉड्यूल्स पुरेशी आहेत. दुसरं, मॉड्यूलच्या आत पांढरी सिरॅमिकची पट्टी असते, ती मुलांना फोडू किंवा घासू देऊ नका. काही जुन्या भागांत बेरिलियम ऑक्साइड असतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. आधी अॅल्युमिनियमच्या जाड तारा पायथ्याशी उचकटल्यात का बघा. गरम-थंड होऊन होऊन बहुतेकदा तिथेच सुटतात. फोटो इथे टाका, मी कारण ओळखायला मदत करेन.

मिरजकरीण
सिरॅमिकचं माहीत नव्हतं, लॅबच्या दारावर लिहून लावते. कुपवाडला दोन रिपेअरवाल्यांशी बोलणं झालंय, मॉड्यूल्स फुकट देतायत. कोणाकडे इचलकरंजीच्या लूमवाल्यांची ओळख असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तिकडे ड्राइव्ह जास्त जळतात म्हणे.

कोल्हापुरी_सर्किट
इचलकरंजीत मेव्हणा आहे, व्यनि केलाय. एफपीजीएचा पण विचार करा.