भारतीय फुटबॉल संघाला पुढचा कोच कोण हवा?

टिळकवाडीकर: ऑक्टोबर २०२५ मध्ये घाटाखाली मडगावात सिंगापूरनं २-१ हरवलं आणि २०२७ चा आशिया कप हातचा गेला. तेव्हाचे कोच खालिद जमील यांच्यानंतर परदेशी आणावा की आपलाच?

शहापूर_स्टॉपर: नावाआधी करार बघा. जमील यांच्याआधीचे कोच मानोलो मार्केझ एफसी गोवा हा क्लब आणि देशाचा संघ दोन्ही सांभाळत होते. देशासाठी आठ सामन्यांत एकच विजय, तोही मालदीववर. पूर्णवेळ माणूसच हवा.

खानापूर_विंगर: दादा, खरी अडचण गोलची आहे. क्लबांत नऊ नंबरला, म्हणजे गोल करणाऱ्या मुख्य स्ट्रायकरच्या जागी, बहुतेक परदेशीच खेळतो, म्हणून सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं. सामन्याआधी सरावाला मोजकेच दिवस मिळतात. तेवढ्यात पासिंगची नवी पद्धत मुरत नाही. कॉर्नर, लांब थ्रो आणि दोन ओळींचा घट्ट बचाव मात्र बसतो. आपले माजी कोच स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी साध्या ४-४-२ वर (चार बचावपटू, चार मिडफिल्डर, दोन स्ट्रायकर) २०१९ च्या आशिया कपात थायलंडला ४-१ लोळवलं. मला तसाच कोच पाहिजे, पासपोर्ट कुठलाही असो.

टिळकवाडीकर: मग जमीलच का नकोत? मिझोरामच्या आयझॉल क्लबला २०१७ ची आय-लीग ही राष्ट्रीय लीग त्यांनीच जिंकून दिली, मध्य आशियाच्या काफा कपात ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबरही आणला.

शहापूर_स्टॉपर: चालतील की! पण मडगावात आघाडी घेऊन ४४व्या मिनिटाला गोल खाल्ला. मध्यंतराआधी खेळ थंड करणारा मिडफिल्डर आधी शोधा.