'द थिंग' (१९८२): भीती राक्षसाची, की शेजारी बसलेल्याची?

आडवाटेचा पांथस्थ

परवा रात्री 'द थिंग' सहाव्यांदा पाहिला. दिग्दर्शक जॉन कारपेंटर, मुख्य भूमिकेत कर्ट रसेल आणि त्याची दाढी. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी इथूनच मागे फिरा, पुढे सगळं फोडलेलं आहे.

गोष्ट एवढीच : अंटार्क्टिकावरचं अमेरिकन संशोधन केंद्र, बारा पुरुष, हिवाळा तोंडावर. एका कुत्र्यावर गोळ्या झाडत नॉर्वेजियन हेलिकॉप्टर येतं. त्यातले दोघे मरतात, कुत्रा आत येतो. तो कुत्रा नसतोच. बर्फात गाडला गेलेला परग्रहावरचा जीव असतो, ज्याला गिळेल त्याचं हुबेहूब सोंग घेणारा. आपल्याकडे दारात पोलीस बनून यायचा तो बहुरूपी निदान शेवटी हसून पैसे मागायचा. हा मागत नाही.

माझं म्हणणं असं, की चाळीसहून जास्त वर्षं हा सिनेमा टिकला तो राक्षसामुळे नव्हे, रक्ताच्या परीक्षेमुळे. मॅकरेडीचा, म्हणजे कर्ट रसेलचा, तर्क साधा आहे : या जिवाचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र प्राणी आहे, म्हणजे त्याचं रक्तसुद्धा तापल्या तारेपासून जीव वाचवायला पळेल. सगळ्यांना बांधून घातलंय. बश्यांमध्ये थोडंथोडं रक्त. तार ज्वाळेत लाल करायची, बशीत टेकवायची, चर्र. माणूस. पुढचा.

क्लार्कची पाळी येते तेव्हा क्लार्क मेलेला असतो. अंगावर चाकू घेऊन आला म्हणून मॅकरेडीनेच त्याला थोड्या वेळापूर्वी गोळी घातलेली असते. चर्र. म्हणजे तो माणूसच होता. बांधलेला चाइल्ड्स म्हणतो, मग तू खुनी ठरलास. मॅकरेडी म्हणतो, आता पामर. तेवढ्यात गॅरी कुरकुरतो, की असल्या प्रकाराने काही सिद्ध होत नाही. मॅकरेडी त्याच्यावर उखडतो, तुझं सगळ्यात शेवटी बघतो म्हणतो. आपलं लक्ष गॅरीवर, आणि तार सहज म्हणून पामरच्या बशीत.

मला पुढे काय होतं ते पाठ आहे. तरी सहाव्यांदाही चहा सांडला.

शंकेखोर

असहमत. आवडता सिनेमा आहे म्हणून त्याला मानसशास्त्राचं उपरणं पांघरू नका.

आठवीत असताना गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणून पाहिला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही 'संशयाचं वातावरण' यावर चर्चा केली नाही. डॉक्टर छातीवर विजेचा झटका द्यायला जातो, छातीच जबडा होऊन उघडते आणि त्याचे हात कोपराखाली तोडते, यावर केली. मुंडकं तुटून त्याला कोळ्याचे पाय फुटतात आणि ते टुकूटुकू चालायला लागतं, यावर केली. श्रेय रॉब बॉटिनचं, वय विशीच्या सुरुवातीचं. रबर, जेली आणि रात्रीचा दिवस. काम संपल्यावर बिचारा थकव्याने इस्पितळात गेला.

आणि व्यक्तिरेखा कुठल्या? बारा जणांची नावं न बघता सांगा. मला चार येतात, त्यातला एक कुत्रा सांभाळणारा.

शिवाय रक्ताची परीक्षा कारपेंटरची नाहीच. ती जॉन कॅम्पबेलच्या १९३८ च्या दीर्घकथेत आहे.

आडवाटेचा पांथस्थ

कथेत आहे, कबूल. पण त्याच कथेवर १९५१ मध्ये निघालेल्या सिनेमाने सोंग घेण्याचा भागच गाळला आणि धिप्पाड वनस्पती-माणूस उभा केला. ते सुचणं सोपं होतं. मूळ कल्पनेला पडद्यावर हात घालायला १९८२ उजाडावं लागलं.

नावं : मॅकरेडी, चाइल्ड्स, गॅरी, ब्लेअर, कॉपर, क्लार्क, पामर, नॉरिस, विंडोज, नॉल्स, बेनिंग्ज, फ्युक्स. न बघता. (बायकोला विचारा.)

शंकेखोर

सहा वेळा पाहिल्यावर मलाही येतील.

मुक्ता_डोंबिवली

मी मधली. पहिल्यांदा पाहिला तेव्हा चिडले होते. अख्ख्या सिनेमात बाईचा आवाज एकच, बुद्धिबळाच्या यंत्राचा. ते यंत्र जिंकतं म्हणून नायक त्यात ग्लासातली व्हिस्की ओततो. हे नायकाचं पहिलं दर्शन! घ्या.

पण दुसऱ्यांदा पाहताना तोच प्रसंग वेगळा दिसला. हरला की पट उधळणारा माणूस आहे हा. शेवटी अख्खं केंद्र सुरुंग लावून उडवतो तेव्हा तेच करतो. तेव्हा व्यक्तिरेखा नाहीत हे शंकेखोर यांचं म्हणणं पटत नाही. त्या बोलत नाहीत, इतकंच. कुणी कुणाला घरचं विचारत नाही, फोटो दाखवत नाही, आठवणी काढत नाही. सोबतचा माणूस गेल्यावरही फारसं कुणी रडत नाही. मला जास्त भीती त्याची वाटली. हे लोक तो जीव यायच्या आधीपासूनच एकमेकांना परके आहेत.

वास्कोकर

विषय निघालाच आहे तर. हा सिनेमा जून १९८२ चा. त्याच वर्षी ९ जानेवारीला डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखालचं भारताचं पहिलं पथक अंटार्क्टिकावर उतरलं होतं, आणि ते जहाज ६ डिसेंबर १९८१ ला आमच्या गोव्यातून सुटलं होतं. ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्रही आज वास्कोतच आहे, त्यामुळे इकडे 'बर्फावर जाऊन आलेला' माणूस फार दुर्मीळ नाही.

माझे मेहुणे भारताच्या तिथल्या 'मैत्री' केंद्रावर एक हिवाळा काढून आलेत. साधारण पंचवीस माणसं, सूर्य दोनेक महिने उगवत नाही, जहाज गेलं की गेलं. त्यांना हौसेने हा सिनेमा दाखवला. मुंडक्याला पाय फुटले तेव्हा ते हसले. रक्ताच्या परीक्षेला जांभई दिली. फक्त सुरुवातीला सगळे दिवाणखान्यात नुसते पडलेले असतात, कुणीतरी उगाच काहीतरी वाजवतं आणि दुसरा त्याच्यावर खेकसतो, तिथे म्हणाले, "हां, हे बरोबर आहे." त्यांच्याकडे सगळ्यात मोठं भांडण लोणच्याच्या शेवटच्या बरणीवरून झालं होतं. कुणी संपवली ते आजतागायत कळलेलं नाही आणि हे अजून दोघांवर संशय धरून आहेत.

शंकेखोर

वास्कोकर, लोणच्याला तापलेली तार लावायला हवी होती.

उत्तरध्रुव

मी नॉर्वेत बर्गनला राहते. इथल्या लोकांसाठी या सिनेमात रहस्य उरतच नाही. सुरुवातीचा तो बंदूकवाला ओरडत येतो ते नॉर्वेजियन आहे आणि तो स्पष्ट सांगतो, की लांब व्हा, तो कुत्रा नाही, कुत्र्याचं सोंग घेतलेलं काहीतरी आहे. खाली भाषांतर दिलेलं नाही. उच्चार इतके कच्चे आहेत, की माझी ऑफिसातली मंडळी हसतात, पण शब्द कळतात. (ती भूमिका सिनेमाचे सहयोगी निर्माते लॅरी फ्रँको यांनीच केलीय.) पुढे मॅकरेडी त्यांना 'स्वीडिश' म्हणतो आणि कुणीतरी त्याला दुरुस्त करतं, तेव्हा इथे हमखास टाळ्या पडतात.

मला त्यामुळे वाटतं, सगळा घोळ तिथेच झाला. खरं सांगणारा माणूस पहिल्या काही मिनिटांत मारला गेला, कारण त्याची भाषा कुणाला येत नव्हती.

आडवाटेचा पांथस्थ

उत्तरध्रुव, हे डोक्यातच आलं नव्हतं! आता सातव्यांदा पाहणं आलं.

शंकेखोर

सर्वजण गहिवरले आहेत तेव्हा एक प्रश्न. २०११ साली याच गोष्टीचा पूर्वभाग आला, नॉर्वेजियन केंद्रात काय घडलं त्याचा. त्यातही बर्फ आहे, अडकलेली माणसं आहेत, कोण खरं कोण खोटं आहे, परीक्षासुद्धा आहे : तो जीव धातूची नक्कल करू शकत नाही, म्हणून तोंडं उघडायला लावून दाढांमधली चांदी तपासतात. तुमच्या म्हणण्याप्रमाणे संशयच सगळं असेल तर तो का नाही टिकला? कारण त्यात प्रत्यक्ष बनवलेल्या पुतळ्यांवर नंतर कॉम्प्युटरची चित्रं चढवली. रबर गेलं, भीती गेली.

आडवाटेचा पांथस्थ

हा वार बसला. रबराचा वाटा मी कमी धरला, मान्य.

पण दाढेच्या परीक्षेत एक गोम आहे. चांदी दिसली तर माणूस, नाही दिसली तर काहीच कळत नाही, चांगल्या दातांचा माणूसही संशयित. हुशार कल्पना आहे, पण प्रसंग तिथेच लोंबकळतो. शिवाय टॉर्च घेऊन तपासणाऱ्या नायिकेवर आपला क्षणभरही अविश्वास नसतो. १९८२ मध्ये तार ज्याच्या हातात आहे तोच सगळ्यात जास्त संशयित आहे. त्याला बाहेर वादळात सोडून दिलं होतं, तो एकटा परत आला, सुरुंगाच्या कांड्या घेऊन. तो स्वतःचं रक्त तपासतो तेव्हा मी दरवेळी श्वास धरतो.

शंकेखोर

त्याच्या रक्तावर मीही धरतो. रबराचं मत कायम.

जुनी कॅसेट

संगीताबद्दल कुणीच बोललं नाही. एन्नियो मोरिकोने! हृदयाच्या ठोक्यासारखे दोन सूर, बस्स. त्या वर्षी त्याला सर्वात वाईट संगीतासाठीच्या 'रॅझी'चं नामांकन मिळालं होतं. यासाठी बनवून न वापरलेले काही तुकडे पुढे 'द हेटफुल एट'मध्ये गेले आणि त्या सिनेमाच्या संगीताला ऑस्कर मिळालं. समीक्षकांचं काय घेऊन बसलात.

मुक्ता_डोंबिवली

शेवटाचं काय? जळत्या केंद्रासमोर मॅकरेडी आणि चाइल्ड्स, मध्ये एक बाटली. चाइल्ड्सच्या तोंडातून वाफ कमी दिसते म्हणून तो 'तो' आहे, असं एक मत ऐकलंय.

वास्कोकर

प्रकाश मागून नसला तर वाफ दिसत नाही. मेहुण्यांनी हे एकच शास्त्रीय मत दिलं, बाकी वेळ झोपले होते.

नुसताच वाचक

इतका वेळ वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय. रक्ताची परीक्षा संपते, पामर जळतो, विंडोज मरतो, सगळे निर्दोष ठरतात आणि गॅरी कोचाला बांधलेला तसाच राहतो. मग तो अगदी सभ्यपणे सुरुवात करतो, की तुम्ही सगळे बऱ्याच त्रासातून गेला आहात हे मी जाणतो, पण सवड झाली तर... आणि पुढच्या शब्दांना किंचाळत सुटतो.

आमच्या सोसायटीच्या सभेत अध्यक्षांचं दर महिन्याला असंच होतं.