बाल्कनीत हॉट टब ठेवावा का? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

बी-३०४: नमस्कार मंडळी. आम्ही हवा भरायचा हॉट टब घेतलाय, चार माणसांचा. आजच घरी आला. आईचे गुडघे फार दुखतात, गरम पाण्यात बसलं की तिला बरं वाटतं. रविवारी हॉलबाहेरच्या मोठ्या बाल्कनीत मांडायचा विचार आहे. त्या दिवशी टाकीतून एकदम बरंच पाणी घेतलं जाईल, म्हणून आधीच सांगतोय. कोणाला अडचण असेल तर मोकळेपणाने बोला.

बी-२०४: दादा, आईंसाठी घेतलात हे फार चांगलं केलंत. पण तुमची बाल्कनी म्हणजे आमच्या बाल्कनीचं छत. मागच्या पावसाळ्यात तिथूनच ओल उतरली होती, तुम्ही येऊन बघून गेला होतात. टबात पाणी किती मावतं?

बी-३०४: काकू, खोक्यावर ८०० लिटर लिहिलंय. पण टब हलका आहे हो. लिफ्टमधून मी एकट्यानेच वर आणला.

सी-१०३: पाणी भरू नका. आधी माझं ऐका. इमारतींच्या भाराचे हिशेब करण्यातच माझी सगळी नोकरी झाली, म्हणून कळकळीने सांगतोय.

टबाचं वजन सोडून द्या, पाण्याचं धरा. लिटरला १ किलो, म्हणजे ८०० किलो. चौघे बसले की आणखी पावणेतीनशे. टब आणि पंप धरून ११०० किलोच्या वर गेलं. बाहेरचा व्यास १.९ मीटर असेल तर टबाखाली जागा येते २.८ चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला जवळपास ४०० किलो. राहत्या खोल्यांचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून काढतात. बाल्कनीला थोडं जास्त धरण्याची पद्धत आहे, पण आपल्या बाल्कन्या भिंतीतून बाहेर काढलेल्या आहेत, खाली खांब नाही. सगळा भार एकाच कडेवर येतो.

बी-३०४: काका, हिशेब पटतो. पण पाहुणे आले की बाल्कनीत पंधरा माणसं उभी असतात. तेही हजार किलोच झाले ना? आजवर काही झालं नाही.

सी-१०३: प्रश्न रास्त आहे. पंधरा माणसं पसरून उभी राहतात आणि तासाभराने आत जातात. टबातलं पाणी एकाच जागी, रात्रंदिवस, महिनोन्महिने बसून राहतं. काँक्रीटवर सतत वजन राहिलं की ते हळूहळू वाकत जातं, वजन तेवढंच असलं तरी वाक वाढत राहतो. मग वरच्या बाजूला, भिंतीलगत, केसासारखी चीर पडते. त्यातून पाणी आत शिरतं, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट उडवते. हे सगळं फरशीखाली चालतं, तुम्हाला दिसत नाही. ओल दिसते ती काकूंना.

एवढं लक्षात ठेवा: पाण्याच्या दर १० सेंटीमीटर खोलीमागे चौरस मीटरला १०० किलो. टब कुठलाही असो, मग तो खेळण्यातला का असेना.

गच्चीचा विचार कोणाच्या मनात असेल तर तोही सोडा. गच्चीला बहुधा खोलीपेक्षाही कमी भार धरलेला असतो, आणि वॉटरप्रूफिंग फाटलं तर सगळ्यात वरच्या मजल्याचे हाल.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, इंजिनिअरने नकाशे बघून लेखी दिल्याशिवाय जमिनीपासून वर कुठेही टब भरायचा नाही. मीटिंगमध्ये रीतसर ठराव करू, पण आजपासून हे पाळूया. बी-३०४, कृपया गैरसमज नको.

बी-३०४: गैरसमज अजिबात नाही. काकू, मी तसाच भरला असता तर तुमच्या डोक्यावर टनभर ओझं ठेवलं असतं. आधी विचारलं ते बरं झालं.

ए-००२: मी जरा सविस्तर लिहिते. आमच्या मागच्या अंगणात असाच टब तीन वर्षं आहे. बाकीच्यांनीही वाचा, कारण अजून दोघांनी मला खासगीत विचारलंय.

जागेचं आधी. तळमजल्यावरही जमीन सपाट आणि टणक हवी. आम्ही फरशी झाडून घेतली, हात फिरवून बारीक खडे वेचले, वर फोमची जाड चटई टाकली. चटईमुळे तळाला भोक पडत नाही आणि खालून उष्णता जाणं बरंच कमी होतं. हवा भरताना टब दगडासारखा कडक करू नका. उन्हात आतली हवा प्रसरण पावते आणि शिवण ताणली जाते. माझी पहिल्याच उन्हाळ्यात एका जागी सुटली. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात तिथे भोक. ठिगळ लावून तो आजही चालतो.

गरम व्हायला वेळ लागतो. आमचा हीटर २ किलोवॅटचा आहे. ८०० लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण ०.९ युनिट लागतं. २५ वरून ३८ वर न्यायचं तर १२ युनिट, आणि वाटेत निसटणारी उष्णता वेगळी. प्रत्यक्षात तासाला सव्वा-दीड अंश चढतं, म्हणजे संध्याकाळी बसायचं तर सकाळीच सुरू करावं लागतं. सगळी बचत झाकणात आहे. झाकण नीट बसलं नाही, कडेला फट राहिली, तर हीटर रात्रभर चालू राहतो. बुडबुडे चालू केले की बाहेरची गार हवा पाण्यात घुसते आणि तापमान उतरतं, म्हणून ते बसल्यावरच चालू करायचे.

आता पाणी. मला खरं सांगायचंय ते हेच.

पहिल्या महिन्यात मी क्लोरीन फार कमी टाकत होते. वास नको, मुलाच्या डोळ्यांना त्रास नको, पाणी तर काचेसारखं स्वच्छ दिसतंय, अशी माझी समजूत. तिसऱ्या आठवड्यात मुलाच्या मांड्यांवर आणि पोटावर लाल पुरळ उठलं, आणि सगळ्यात जास्त पोहण्याच्या चड्डीखाली. डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, ‘घरी हॉट टब आहे का?’ स्यूडोमोनास नावाचा जंतू. कोमट पाण्यात क्लोरीन कमी पडला की तो वाढतो आणि ओल्या कपड्याखाली केसांच्या मुळांत शिरतो. आठवड्याभरात पुरळ गेलं, पण मी मनातून फार खजील झाले. पाणी स्वच्छ दिसणं आणि स्वच्छ असणं यातला फरक मला माझ्या मुलाच्या अंगावर दिसला.

आणि तो ‘क्लोरीनचा वास’ म्हणतात तो जास्त क्लोरीनचा नसतोच. घाम, लघवी, अंगावरचं तेल यांच्याशी झुंजून वापरला गेलेला क्लोरीन असा वास मारतो. वास आला म्हणजे ताजा क्लोरीन कमी पडलाय.

आता माझा नेम असा आहे. एक दिवसाआड आणि कोणी बसायच्या आधी दरवेळी टेस्ट स्ट्रिप (रंग बदलून पाण्यातलं प्रमाण दाखवणारी पट्टी) बुडवते. आधी अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) बघते, ८० ते १२० पीपीएम, म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम. ती जागेवर असली की पीएच (पाणी आम्लाकडे झुकलंय की क्षाराकडे, ते सांगणारा आकडा) फार उड्या मारत नाही. पीएच ७.२ ते ७.८. बुडबुड्यांमुळे तो आपोआप वर चढत राहतो, आणि ८ च्या पुढे गेला की क्लोरीन असूनही नीट काम करत नाही. मग मोकळा (अजून वापरला न गेलेला) क्लोरीन, किमान ३ पीपीएम, मी ३ ते ५ मध्ये ठेवते. क्लोरीनचे दाणे आधी बादलीभर पाण्यात विरघळवते, मग पंप चालू ठेवून टबात सोडते. दाणे थेट टाकले तर तळाचं प्लास्टिक पांढरं पडतं. बादलीत पाणी आधी, औषध नंतर, हा क्रम कधीही उलटा करू नका. दोन वेगवेगळ्या प्रकारचे क्लोरीन एकाच डब्यात किंवा एकाच चमच्याने घेऊ नका, पेट घेऊ शकतात. टाकल्यावर वीसेक मिनिटं झाकण उघडं ठेवते, नाहीतर ती वाफ झाकणाचं अस्तर खाते.

फिल्टरची दोन कार्ट्रिज ठेवलीत. एक टबात, एक धुऊन वाळत. दर दोन-तीन दिवसांनी बदलायची.

पाणी कधी बदलायचं त्याला हिशेब आहे. लिटरना ११ ने भागा, मग रोज किती जण बसतात त्याने भागा. ८०० लिटर आणि रोज चार माणसं, तर १८ दिवस. रोज एकच बसत असेल तर दोन महिने चालतं, पण फेस धरू लागलं की मी वाट बघत नाही. सोडण्याआधी झाकण काढून दोन दिवस ऊन लागू देते, क्लोरीन उडून शून्यावर येतो. तपासून मगच नाल्यात सोडते. झाडांना घालत नाही.

डी-२०२: ताई, विजेचं मी लिहितो, ते काम माझं. हीटर आणि बुडबुड्यांचा ब्लोअर मिळून २.८ किलोवॅटपर्यंत जातं, म्हणजे १२ अँपिअर, तेही तासन्‌तास. एक्स्टेंशन बोर्ड कधीच नाही. बोर्डाची पिन आधी गरम होते, मग काळी पडते, आणि तो बोर्ड पडलेला असतो ओल्या फरशीवर. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट घ्या, मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि तपासून घेतलेलं अर्थिंग. टबाच्या वायरवर जो छोटा डबा असतो त्याचं टेस्ट बटण दरवेळी पाण्यात जायच्या आधी दाबून बघा. दाबल्यावर बंद पडला नाही तर पाण्यात उतरायचं नाही. पाण्यात भिजलेल्या शरीराला झटका फार सहज बसतो.

ए-३०१: सांध्यांसाठी गरम पाणी हा विचार जुना आहे. अशा टबाला लोक जकुझी म्हणतात, ते मुळात एका कुटुंबाचं आडनाव. त्यांचा पंपांचा धंदा होता. कँडिडो जकुझी यांच्या मुलाला लहानपणीच संधिवात झाला, म्हणून त्यांनी घरच्या बाथटबमध्ये पाणी घुसळणारा पंप बनवला. १९५६ मध्ये तोच पंप विकायला आला. एका बापाने पोराच्या दुखण्यासाठी केलेली वस्तू आहे ही. दादा आईसाठी आणतोय ते वाचून आठवलं.

बी-३०४: हे माहीत नव्हतं काका. आईला वाचून दाखवलं.

ए-५०१: डॉक्टर म्हणून दोन गोष्टी.

एक आईंबद्दल. पाणी ४० अंशांच्या वर कधीच नाही, आणि त्यांच्यासाठी ३७-३८ पुरे. १५ मिनिटांत बाहेर. गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब खाली येतो, आणि उठून उभं राहताना चक्कर येते. त्या रक्तदाबाच्या गोळ्या घेतात, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि टबात त्यांना एकटं सोडू नका. गरोदर बायकांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि दारू घेतलेल्यांना पाण्यात घेऊच नका.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांच्या दृष्टीने. लेजिओनेला नावाचा जंतू २५ ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो, म्हणजे नेमका टबाच्या तापमानात. बुडबुडे फुटले की त्याचे तुषार हवेत जातात आणि श्वासातून फुप्फुसात. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावच्या फुलांच्या प्रदर्शनात शोभेला चालू ठेवलेल्या टबातून हाच जंतू पसरला. दोनशेच्या वर लोक आजारी पडले, किमान ३२ दगावले. ती माणसं पाण्यात उतरलीही नव्हती, बाजूने चालत गेली होती. ए-००२ ताईंनी क्लोरीनबद्दल जे लिहिलंय ते म्हणून मला इतकं महत्त्वाचं वाटतं. क्लोरीनचा तो आकडा शेजारच्या खिडकीसाठीही आहे.

बी-२०४: हे वाचून अंगावर काटा आला. ताई, तुमच्या टबाशेजारून आम्ही रोज जातो. तुम्ही इतकं सांभाळता हे आज कळलं.

ए-००२: काकू, तुम्ही कधीही या, स्ट्रिप तुमच्यासमोर बुडवून दाखवते. मी कागदावर तारीख आणि आकडे लिहून भिंतीला लावलेत.

सी-४०१: मुलांचं काय? आमची दोघं तिथे अंगणात खेळतात.

ए-००२: झाकणाला कड्या आहेत, किल्ली माझ्या गळ्यात असते. झाकणावर कोणी बसायचं नाही, उभं राहायचं नाही, ते आत खचतं आणि मूल झाकणाखाली अडकू शकतं. लांब केस असतील तर घट्ट बांधून बसायचं आणि पाणी खेचणाऱ्या जाळीपासून डोकं दूर. जाळी तुटली तर दुरुस्त होईपर्यंत टब बंद.

सेक्रेटरी: मागच्या आवारातली फरसबंद जागा बी-३०४ ला देता येईल का, हे पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ. वीज त्यांच्या मीटरवरून, झाकणाला कुलूप, आणि ताईंसारखा आकड्यांचा कागद, या अटींवर माझी हरकत नसेल.

बी-३०४: आभार. तोवर टब खोक्यातच राहील. ताई, एक विचारू? एवढं दिवसाआडचं काम मला जमेल का? मी महिन्यातले दहा दिवस बाहेरगावी असतो.

ए-००२: जमणार नाही दादा, स्पष्ट सांगते. घरात दुसऱ्या कोणी शिकून घेतलं तर जमेल. तुम्ही नसाल ते दहा दिवस क्लोरीन कोण बघणार? पाणी गरम ठेवून नुसतं झाकलं तर आल्यावर ते पूर्ण काढून, पाइपांमधून क्लोरीनचं पाणी फिरवून ते धुऊन, पुन्हा भरावं लागेल. वहिनींना विचारा. त्यांची तयारी असेल तर मी शिकवते.

आणि आणखी एक गोष्ट, जी टब घेताना कोणीच सांगत नाही. टबाची भिंत ६५-७० सेंटीमीटर उंच असते आणि मऊ. तिच्यावर भार टाकला की ती दबते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाय उचलून आत जाणं आणि तळाशी बसून पुन्हा उठणं, हेच सगळ्यात कठीण. आमच्या सासूबाईंना पहिल्या दिवशी दोघांनी धरून काढावं लागलं. मग बाहेर न हलणाऱ्या दोन पायऱ्या, बाजूला जमिनीत बसवलेला कठडा आणि आत, बुडात वजन भरलेलं आसन, एवढं केलं तेव्हा त्या निर्धास्त झाल्या.

बी-३०४: याचा मी विचारच केला नव्हता. आईला साधं पाट ओलांडतानाही हात द्यावा लागतो.

ए-००२: मग असं करा. आईंच्या डॉक्टरांनी हो म्हटलं की त्यांना माझ्याकडे आणा. शनिवारपासून दोन आठवडे, एक दिवसाआड, पंधरा मिनिटं. पायऱ्या आहेत, कठडा आहे, मी जवळ असते. त्यांना सोसतं का, आराम पडतो का, ते बघा आणि मग ठरवा खोकं उघडायचं की परत करायचं. वहिनींनाही पाठवा, त्यांना स्ट्रिप वाचायला शिकवते.

बी-३०४: ताई, काय बोलू. डॉक्टरांना उद्या सकाळीच विचारतो. आई आत्ताच विचारतेय, येताना काय आणू.

ए-००२: काही नको. घरून साबण लावून आंघोळ करून या म्हणावं, आणि त्या दिवशी गुडघ्यांना तेल किंवा मलम लावू नका. ते पाण्यात उतरतं, फिल्टर बुजतो आणि क्लोरीन त्यातच संपतो. पाणी ३७ वर ठेवते.