यापुढे सगळे वाद व्हिडिओवरच? इंदूरकर, बोला (नाहीतर लिहा)

रामबागवाला
मंडळी, गेल्या रविवारी आपण महिन्याचा वाद पहिल्यांदाच लिहून न घालता व्हिडिओवर घातला. विषय घरचाच होता. हायकोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बीआरटीएस (बससाठी राखलेला वेगळ्या लेनचा कॉरिडॉर) काढायला सांगितलं, ते बरं झालं की वाईट? पंधरा जण आले, अकरा बोलले. एरवी लेखी वादात तेच चौघं लिहितात (त्यांत मी एक), बाकीचे अंगठा दाखवून पुढे जातात.

म्हणून माझं म्हणणं, यापुढे सगळे वाद व्हिडिओवरच व्हावेत.

आपण इंदूरचे मराठी. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळा हिंदी नाहीतर इंग्रजी. लिपी एकच असल्यामुळे आपल्या पोरांना मराठी वाचता येतं, पण लिहायला बसवलं की हात अडतो. ळ कुठे, ल कुठे? ‘आणि’ची वेलांटी कोणती? मग ते गप्पच बसतात. माझा पुतण्या दोन वर्षं सगळं वाचत होता, एक ओळ लिहिली नाही त्याने. रविवारी सात मिनिटं बोलला. बसला वेगळी लेन होती तेव्हा भंवरकुआंला किती वाजता पोचायचा, आता किती वाजता पोचतो, पहिलं लेक्चर कसं बुडतं. त्या रात्रीचं सगळ्यांत नेमकं बोलणं त्याचं होतं.

दुसरं म्हणजे तोंड दिसलं की माणूस जपून बोलतो. लेखी वादात एका महाशयांनी मला ‘विकला गेलेला’ म्हटलं होतं. रविवारी तेच समोर आले तर म्हणतात, “भाऊ, इथे आपलं जरा जमत नाही.” मला वाटलं आता पोहे मागवतात की काय.

निवृत्त मास्तर
रामबागवाले, पोह्यांचं राहू द्या. रविवारी एका वक्त्याने ठासून सांगितलं की कॉरिडॉर सोळा किलोमीटरचा. मी हात वर केला. तो हाताचा पिवळा छाप माझ्याच पडद्यावर चमकत राहिला, कोणी बघितला नाही. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटर! पुढच्या तिघांनी सोळाच धरून खर्चाचा हिशेब मांडला, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा हिशेब बरोबर ठरला. लेखी असतं तर दुसऱ्याच उत्तरात हे निस्तरलं असतं.

आपल्याकडे वादाची जुनी रीत आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं मांडायचं, तेही असं की ज्याचा तो पक्ष आहे त्याने मान डोलवावी, आणि मग उत्तरपक्ष, म्हणजे आपलं उत्तर. समोरच्याचं वाक्य डोळ्यांपुढे नसेल तर हे कसं करणार? रविवारी अकरा जण बोलले म्हणता. एकाने तरी दुसऱ्याचं म्हणणं आधी धड सांगून मग खोडलं का? अकरा भाषणं झाली, वाद एकही झाला नाही.

रामबागवाला
मास्तर, शास्त्रार्थ तोंडीच व्हायचे की.

निवृत्त मास्तर
व्हायचे, पण ज्यांना ग्रंथच्या ग्रंथ मुखोद्गत होते त्यांचे. मला कपाळावर चढवलेला चष्मा सापडत नाही.

लोकमान्यनगरची सून
मी पंधरांत होते, अकरांत नव्हते. का, ते सांगते.

वेळ रात्री आठची. आठ वाजता आमच्याकडे पोळ्या सुरू असतात. फोन डब्याला टेकवून, कॅमेरा बंद करून ऐकत होते. बोलायचं म्हणजे आधी ओढणी नीट करा, मागे दांडीवर वाळत घातलेले कपडे दिसत नाहीत ना बघा, टीव्हीपुढे बसलेल्या सासऱ्यांना आवाज कमी करायला सांगा (हे सगळ्यांत अवघड). तेवढ्यात विषय तीन माणसं पुढे गेला.

रामबागवाले काका अकरा बोलले म्हणून खूश आहेत. काका, बायका किती होत्या? पाच. बोलली किती जणी? एक. तीही, तिचा माइक चुकून चालू राहिला होता म्हणून. तुमच्या त्या कंटाळवाण्या लेखी चौघांत मात्र दोन आम्ही आहोत. ओटा आवरून रात्री साडेदहाला बसलं की मी नीट विचार करून लिहिते, दोनदा खोडते, मग टाकते. तेव्हा मला कोणी “एक मिनिट, माझं पूर्ण होऊ द्या ताई” म्हणत नाही.

आणि त्या रात्रीच्या पडद्याचा फोटो काढून कोणीतरी दुसऱ्या दोन ग्रुपांवर टाकला. कॅमेरा बंद होता म्हणून मी वाचले. जी वाचली नाही तिला विचारा पुढच्या वेळी येणार का.

हर्षू ५६
काकांचा पुतण्या मीच. हे लिहायला मला चाळीस मिनिटं लागली, आधीच सांगतो.

मला व्हिडिओ चांगला वाटला कारण की बोलताना मी विचार नाही करत की ही वेलांटी पहिली का दुसरी. लिहिताना तेच डोक्यात चालतं आणि जे म्हणायचं असतं ते राहून जातं. मागच्या वर्षी एकदा लिहिलं होतं, ‘मि’ आणि ‘आणी’ लिहिलं, तर खाली पहिलं उत्तर शुद्धलेखनाचं आलं. मुद्द्याचं कोणीच नाही बोललं. मग मी पोस्ट उडवून टाकली. ती काकांनी पण नव्हती पाहिली.

पण रविवारची एक गोष्ट काकांना नाही माहीत. मी “माझा कॉलेज” बोललो. घरी पण तसंच निघतं तोंडातून, हिंदीत कॉलेज पुल्लिंगी आहे ना. एकाचा माइक चालू होता, तो हसला. सगळ्यांनी ऐकलं. त्याच्या पुढची दोन मिनिटं मी काय बोललो ते मला आठवत नाही.

तर मला दोन्हीकडे भीती वाटते. पण व्हिडिओवर सात मिनिटं तरी झाली.

निवृत्त मास्तर
हर्षू, ते शुद्धलेखनाचं उत्तर माझं होतं.

बंगळुरातला इंदूरी
भिया लोक, मी व्हिडिओच्या बाजूने. आणि मास्तर, किलोमीटर चुकले यात बोलण्याचा दोष नाही, टिपून घेणारा कोणी नव्हता याचा आहे.

घटना समितीचं बघा. डिसेंबर १९४६ पासून जवळपास तीन वर्षं माणसं उभी राहून बोलली. लघुलेखक बसलेले असायचे, म्हणून आज आपण कुठल्या कलमावर कोण काय म्हणालं ते वाचतो. किंवा अमेरिकेतले लिंकन आणि डग्लस. १८५८ साली इलिनॉयमध्ये सात वाद. पहिल्याने एक तास बोलायचं, दुसऱ्याने दीड तास उत्तर द्यायचं, पुन्हा पहिल्याला अर्धा तास. लोक उभ्याने ऐकायचे आणि बाकीचा देश वर्तमानपत्रात वाचायचा. बोलणं आणि कागद हे एकमेकांचे वैरी कधी होते? तुम्ही रविवारी अध्यक्षही नेमला नाही, वेळही वाटून दिली नाही, आणि आता खापर कॅमेऱ्यावर.

शिवाय फुकटची मीटिंग चाळीस मिनिटांनी बंद पडली. अकरा माणसांत चाळीस मिनिटं, त्यांतली सात हर्षूची. बाकीच्यांना साडेतीन मिनिटंसुद्धा आली नाहीत. पूर्वपक्ष कधी मांडणार, जेवल्यावर?

निवृत्त मास्तर
लिंकन-डग्लसचं पुढचंही सांगा मग. दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांनी आपापल्या माणसाचं भाषण घासूनपुसून छापलं आणि विरुद्ध बाजूचं अडखळत ठेवलं, अशी तक्रार तेव्हाच झाली होती. टिपणारा आला की टिपणाऱ्याचा हात आला.

आणि चेहरा दिसण्याचं एवढं कौतुक असेल तर २६ सप्टेंबर १९६० आठवा. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे दोन उमेदवार, केनेडी आणि निक्सन, यांचा वाद. टीव्हीवर बघणाऱ्यांना केनेडी जिंकला असं वाटलं, रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन. मुद्दे तेच. निक्सन आजारातून उठून आलेला, फिकट दिसत होता, एवढाच फरक.

बंगळुरातला इंदूरी
हे सगळीकडे सांगतात, पण मुळात ती एका कंपनीची एकच पाहणी. त्यात रेडिओवर ऐकणारे जेमतेम काही शे. ते शहरापेक्षा खेड्यातले जास्त असतील, आधीपासूनच निक्सनचे असतील. त्यावरून मुद्दा विरुद्ध चेहरा असा निकाल लागत नाही. बघा, लिहून वाद घालतानासुद्धा कच्चा पुरावा पक्का होऊन फिरतोच.

निवृत्त मास्तर
मान्य. पण तुम्ही तो इथे कच्चा ठरवू शकलात, कारण मी लिहिला होता. रविवारचे सोळा किलोमीटर अजून फिरताहेत.

महूकर
आमच्या गावचं एक उदाहरण देतो. १८९१ साली महूला जन्मलेल्या माणसाचं, ज्यांचं नाव आता गावालाच आहे.

१९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना परिषदेचं अध्यक्षपद दिलं. भाषण आधी हातात आल्यावर मंडळ बिचकलं. काही भाग गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. परिषद रद्द. म्हणजे सभा नाही, व्यासपीठ नाही, श्रोते नाहीत. त्यांनी ते स्वतःच्या खर्चाने छापलं, पंधराशे प्रती. तेच ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. मग गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलं, आणि १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचं लिखाण जसंच्या तसं छापून त्याखाली आपलं उत्तर दिलं. मास्तर म्हणतात तो पूर्वपक्ष हाच. विरोधकाचं म्हणणं आपल्याच पुस्तकात, आपल्याच खर्चाने.

बोलायला व्यासपीठ लागतं, आणि ते कोणाच्या तरी मालकीचं असतं. रविवारी माइक बंद करायचं बटण कोणाकडे होतं? रामबागवाल्यांकडे. माणूस सज्जन आहे म्हणून काही बिघडलं नाही. पण मला दोनदा म्यूट केलं ते मी विसरलेलो नाही.

रामबागवाला
अहो, तुमच्याकडे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या!

महूकर
कुकर शेजाऱ्यांचा होता.

डाव्या कानाने ऐकणारी
मी थोडक्यात लिहिते. मला यंत्र लावूनही जेमतेम ऐकू येतं, मी ओठ बघून समजून घेते. व्हिडिओवर ओठ आणि आवाज मागेपुढे होतात, चेहरा टिकलीएवढा असतो, आणि दोघं एकदम बोलले की माझ्यासाठी सगळा चिवडा. लेखी धाग्यात मी बहिरी आहे हे तुम्हांला कधी कळलं तरी होतं का? नाही ना. मला ते तसंच आवडत होतं.

सुदामानगरचे आजोबा
माझं उलट आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, बोटं थरथरतात. त्या छोट्या कीबोर्डवर ‘क्ष’ शोधता शोधता रागच निघून जातो, मग वाद कसला घालणार. नातू म्हणतो फोनला बोलून सांगा, तो मराठीत लिहितो. लिहितो खरा. हे त्यानेच लिहिलं आहे. पण परवा मी ‘सराफा’ म्हटलं तर त्याने ‘सर आपला’ लिहिलं. मला समोर बसवा, मी बोलेन. ऐंशी वर्षं बोलतोच आहे.

लोकमान्यनगरची सून
आजोबा, तुम्ही जरूर बोला. आमच्या सासऱ्यांशीही एकदा बोला, टीव्हीच्या आवाजाबद्दल.

पण काका, तुम्ही ‘व्हिडिओवरच’ म्हणता त्यातला ‘च’ मला खुपतो. मघाच्या ताई त्या ‘च’मुळे सरळ बाहेर पडतात. मी अर्धी बाहेर. हर्षू आणि आजोबा आत येतात हे कबूल. मग आमच्या जागी त्यांना बसवायचं, असा सौदा आहे का?

हर्षू ५६
मला कोणाची जागा नको आहे ताई.

रामबागवाला
सौदा नाही हो. बरं, ‘च’ काढतो. पण व्हिडिओ सोडणार नाही. लेखी धागा दोन दिवस आधी उघडू, ज्यांना लिहायचं ते लिहितील, आणि रविवारी ते आधी वाचून दाखवायचं, मग बोलायचं. फोटो काढणाऱ्याला मी फोन केला आहे, काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बंगळुरवाले म्हणतात तसा टिपून घेणारा हवा. कोण टिपणार?

बंगळुरातला इंदूरी
माझं नेट रविवारी हमखास जातं.

महूकर
तेवढंच जातं, बाकी दिवस बरं असतं.

निवृत्त मास्तर
मी टिपेन. चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलं आहे, वेग आहे अजून. पण घासूनपुसून लिहिणार नाही. जो जसा बोलेल तसं उतरवीन आणि आकडा चुकला तर कंसात बरोबर आकडा देईन. ‘माझा कॉलेज’ तसंच ठेवीन.

हर्षू ५६
सर, ते ‘माझं’ करून टाका ना प्लीज.

निवृत्त मास्तर
बघतो.

लोकमान्यनगरची सून
सगळं ठरलं. वेळ कुठली, ते कोणीच लिहिलं नाही.