शब्दचर्चा : ‘नवी प्रजाती सापडली’, यातला कुठला शब्द बरोबर?

रंकाळाकाठ :
विशालगडावर कंदीलपुष्पाचा एक नवा प्रकार मिळाला आणि त्याला शिवरायांचं नाव दिलं गेलं, सेरोपेजिया शिवरायीना. ही २०२३ ची बातमी इथल्या बहुतेकांना आठवत असेल. कोल्हापूरच्याच अभ्यासकांचं काम, म्हणून आम्ही कात्रण जपून ठेवलंय. परवा पोरीनं ते वाचलं आणि मला धरलं. मथळ्यात ‘नवी प्रजाती’, मजकुरात ‘नवीन जात’, चौकटीत ‘दुर्मीळ वाण’. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात उतरंड आहे ती कुल, त्याखाली प्रजाती, त्याखाली जाती. “बाबा, मग नवीन मिळालं ते नक्की काय?” मी म्हटलं, विचारून सांगतो. तर आता सांगा.

गेंदफूल :
पोरगी बरोबर, मथळा चूक. मराठी विश्वकोश घ्या की शाळेचं पुस्तक, सेरोपेजिया ही प्रजाती आणि सेरोपेजिया शिवरायीना ही जाती. जातीचं नाव कायम दोन शब्दांचं असतं. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १७५३ मध्ये घालून दिलेली ही पद्धत वनस्पतिशास्त्रात अजून चालू आहे. एखाद्या घरात बाळ जन्मलं आणि पेपरात छापून आलं ‘नवं घराणं उदयाला’, तसं झालंय हे.

माझी बारा वर्षं हर्बेरियममध्ये, म्हणजे झाडांच्या नमुन्यांच्या संग्रहात, वाळलेली झाडं कागदावर चिकटवण्यात गेली. नमुने दाबायला आम्ही रद्दीचे पेपरच वापरतो. पावसाळ्यात हवा इतकी दमट की ते पेपर रोज बदलावे लागतात. एकदा एक गेंद, म्हणजे गोल पांढऱ्या गोंड्याचं रोपटं, दाबला होता, वरच्याच पानावर ‘आंबोलीत नवी प्रजाती’ असा ठळक मथळा. बातमी बेडकाची होती, तो भाग वेगळा.

भुदरगडकर :
ताई, तुमचं शास्त्र कबूल. पण आमच्यात जात म्हंजे निराळंच. २६५ ही उसाची जात, ८६०३२ हीबी उसाचीच जात. आजरा घनसाळ ही भाताची जात. मग काय ही येगयेगळी झाडं झाली व्हय? ऊस त्यो ऊसच की.

गेंदफूल :
काका, त्याला वाण म्हणायचं. घनसाळ काय, इंद्रायणी काय, शास्त्राच्या लेखी जाती एकच, ओरायझा सटायव्हा. वाण माणसानं निवडून, राखून केलेला असतो. म्हणून त्या कात्रणात मला सगळ्यात खटकतो तो चौकटीतला ‘दुर्मीळ वाण’. विशालगडावर ते झाड कुणी पेरायला गेलं नव्हतं.

‘दुर्मीळ’ही जपूनच वापरावा. बऱ्याचदा म्हणायचं असतं ‘प्रदेशनिष्ठ’, म्हणजे तेवढ्याच मुलखात होणारं, जगात दुसरीकडे नाही. सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, पावसाळ्यात पायाखाली गालिचा व्हावा इतकी फुलणारी कितीतरी झाडं प्रदेशनिष्ठ आहेत. त्यांना दुर्मीळ कसं म्हणायचं?

जुना उपसंपादक :
गुन्हा कबूल करायला आलोय. माझ्या टेबलावरून किमान पन्नास ‘नव्या प्रजाती’ गेल्या असतील. कारणं दोन. पहिलं म्हणजे एजन्सीचा मजकूर हिंदीतून यायचा. हिंदीत आपल्या प्रजातीला वंश म्हणतात आणि आपल्या जातीला सर्रास प्रजाति. अक्षरं तीच, पायरी वेगळी. आम्ही वेलांटी दीर्घ करायचो आणि पान सोडायचो.

दुसरं कारण जरा अवघड आहे. मराठी मथळ्यात ‘नवी जात’ लिहायला हात धजत नाही. वाचणाऱ्याच्या मनात आधी दाखला येतो, मग आरक्षण, झाड शेवटी. ‘प्र’ लावला की शब्द सोवळा होतो. आमचे एक वरिष्ठ म्हणायचे, प्रजाती लिही, भांडण नाही होत. शास्त्राचं भांडण होईल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

रंकाळाकाठ :
म्हणजे ‘जाती’ दीर्घ लिहिलं की झाड आणि ‘जात’ लिहिलं की माणूस किंवा ऊस? पोरीला हे कसं समजावू?

गेंदफूल :
तसंच समजावा, चुकीचं नाही. एकवचनी ‘जाती’ हा परिभाषेतला शब्द. ‘ही जाती विशालगडावर आढळते’ हे वाक्य कानाला पहिल्यांदा बोचतं, दहा वेळा वाचलं की बसतं.

आणि उपसंपादक दादा, प्रजाती हा शब्द तुम्ही असा वाटेल तिथं खर्चू नका, कारण खरी गंमत तिच्यातच आहे. प्रजाती बुडूसुद्धा शकते. शिवसुमन माहीत असेल, शिंदळ माकुडी. महाराष्ट्राबाहेर कुठं नैसर्गिकरीत्या न होणारं, मांसल खोडाचं, कड्याकपारीतलं झाड. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर याच्या नावानं त्याला स्वतंत्र प्रजाती दिली, फ्रेरिया, आणि त्या प्रजातीत जाती ही एकटीच. पुढं अभ्यासक म्हणाले, एवढ्यासाठी वेगळी प्रजाती कशाला? मग ते कॅरालुमात गेलं, तिथून बाउसेरोसियात, आणि आता काही जण तर तो सगळा गोतावळाच सेरोपेजियात घालतात. कपारीतलं झाड तसूभर हललं नाही, वरची पाटी तेवढी तीनदा बदलली. ‘प्रजाती’चा अर्थ पोरीला सांगायचा तर हे उदाहरण सांगा.

भुदरगडकर :
आता ‘सापडली’वर बोला. आमची आजी कंदीलपुष्पाच्या बारक्या कंदाला खरचुडी म्हणायची. पोरं गुरांमागं गेली की उकरून खायची. मग सापडली म्हंजे कुणाला? आजीला कवाच सापडलीती.

जुना उपसंपादक :
काका, लाख बोललात. पण आजीला शिवरायीना आणि बाकीची कंदीलपुष्पं वेगळी माहीत होती का?

भुदरगडकर :
न्हाई. समदीच खरचुडी. आजोळी खरतुडी म्हणायची, एवढाच काय तो फरक.

गेंदफूल :
काका, तुम्हीच सोडवलंत की! आजीची खरचुडी ही प्रजाती. नळीसारखं फूल, तळाशी फुगीर, आत खाली वळलेले केस, त्यात चिलटं अडकतात आणि केस सुकले की परागकण घेऊन सुटतात. हे सगळं ज्या-ज्या झाडात दिसतं त्यांना मिळून एकच नाव. कुणी ‘कंदील खरचुडी’ म्हटलं की झालं दोन शब्दांचं नाव, जाती तयार. बोलीत ही पद्धत लिनियसच्या आधीपासून आहे. हळद, रानहळद. केळ, रानकेळ.

‘सापडली’ मात्र मलाही पटत नाही. झाड दिसतं एके दिवशी आणि जाती ठरते नंतर कधीतरी. आधी जवळच्या सगळ्या जातींचे नमुने काढून बघायचे. कंदीलपुष्पाचं फूल दाबलं की चपटं होऊन त्याची ओळखच जाते, म्हणून फुलं वेगळी द्रवात ठेवायची. मग नळीची लांबी, पाकळ्यांची टोकं, आतलं मुकुटासारखं अंग, सगळं भिंगाखाली मोजायचं. एक नमुना कायमचा आधार म्हणून हर्बेरियमात जमा करायचा आणि वर्णन छापायचं. २०११ संपेपर्यंत त्यासाठी लॅटिनही लागायचं, २०१२ पासून इंग्रजी चालतं. वर्णन छापलं त्या दिवशी जाती शास्त्रात आली. म्हणून मी लिहीन, ‘नव्या जातीची नोंद’. नुसतं ‘नवी नोंद’ लिहू नका हं, त्याचा अर्थ जुनीच जाती या भागात पहिल्यांदा दिसली.

रंकाळाकाठ :
लॅटिनचा विषय निघालाच आहे तर, साताऱ्याच्या वायतुरा या रानफुलाला ‘सातारेन्सिस’ आणि आपल्या गेंदाला ‘कोल्हापुरेन्से’. हा भेद का? आम्ही काय घोडं मारलंय?

गेंदफूल :
लिंगभेद आहे, जिल्हाभेद नाही! वायतुऱ्याची प्रजाती अपोनोजेटन, लॅटिनमध्ये पुल्लिंगी. गेंदाची एरिओकॉलॉन, नपुंसकलिंगी. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणं बदलतं, आपल्याकडं ‘तांबडा रस्सा, तांबडी माती, तांबडं फूल’ तसंच. आणि वायतुरा हे नाव तुऱ्याच्या दोन फांद्या इंग्रजी वायसारख्या दिसतात म्हणून पडलं म्हणे. इतकं अस्सल वाटणारं नाव, आणि अर्धं इंग्रजी.

भुदरगडकर :
आमच्या वरच्या सड्यावर एक खरचुडी हाय, फूल आतून जांभळं. फोटू काढून पाठवू का कंदच घिऊन येऊ कोल्हापुरात?

गेंदफूल :
कंद तिथंच राहू द्या काका. फोटो पाठवा. एक अख्ख्या झाडाचा, एक पानाचा, आणि एक फूल बाजूनं, शेजारी मोजपट्टी धरून. बाकीचं बघायला मीच येते, तेवढी गौरीची गडबड सरू दे.